भात बंद, पण कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत कुणाला शुगर निघाली की पहिला सल्ला ठरलेला: भात बंद. धानाच्या मुलखात ही शिक्षाच. त्यात एक न बोललेला आरोपही असतो. जिभेवर ताबा नव्हता म्हणून हे झालं, आता भोगा आणि संयम पाळा. मधुमेह आपल्याकडे आजार ठरण्याआधी चारित्र्याचा दाखला ठरतो.

सिस्टिक फायब्रोसिसमधून येणाऱ्या मधुमेहापुढे हा आरोप टिकत नाही. सीएफटीआर जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आली, की मुलाच्या शरीरातले स्राव घट्ट होतात, फुप्फुसं चोंदतात, स्वादुपिंड हळूहळू निकामी होत जातं. प्रौढ रुग्णांपैकी ४० ते ५० टक्क्यांना पुढे मधुमेह गाठतो. पण वजन घटलं की फुप्फुसंही खचतात, म्हणून जेवण तोडायचं नसतं. भात, तूप, सगळं पोटभर. सोबत पाचक एन्झाइमच्या गोळ्या आणि त्या जेवणाला पुरेल इतकं इन्सुलिन. घामावाटे मीठ जातं, तेव्हा चंद्रपूरच्या मे महिन्यात मीठही जास्तच लागतं. अशा काटकुळ्या पोराला कुणी नवसाचा उपास धरायला लावला, तर ती भक्ती म्हणायची की हिंसा? गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिखाणाऱ्याला योग नाकारला आहे, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही. उपासाचं माहात्म्य सांगताना त्यातला दुसरा अर्धा भाग सहसा गाळला जातो.

जुने वैद्य याबाबत आपल्यापेक्षा सावध होते. सुश्रुताने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे, दोन प्रकार केले: कुपथ्यातून आलेला आणि जन्मजात. जन्मजात प्रमेहाचं कारण त्याने आईबापांच्या बीजदोषात पाहिलं. चरकाने तर कृश प्रमेहीला पोसायला सांगितलं. सीएफटीआरचा शोध १९८९चा. त्या वैद्यांना तो ठाऊक असणं शक्य नव्हतं आणि तसा दावा करण्याचीही गरज नाही. रोगी समोर आला की त्याला दोष देण्याआधी त्याच्याकडे नीट पाहायचं, एवढं त्यांना कळत होतं.

तरी आईचा प्रश्न उरतोच: माझ्याच लेकराला का? विज्ञान म्हणतं, दोघे वाहक असले तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता. हे उत्तर खरं आहे, पण कोरडं आहे. ‘मागच्या जन्मीचं’ म्हटलं की निदान कारण तरी सापडतं, आणि त्या आधाराची थट्टा करणं सोपं असलं तरी उचित नाही.

मात्र त्या आधाराची किंमत कोण मोजतं, हे बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलं होतं. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा ते स्वतः मधुमेहाने खंगलेले होते. पुढच्या वर्षी, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशिकतेशी ताडून पाहिला. मूल आईबापांचे गुण घेऊन येतं, तर आधीच्या जन्माचं खातं त्यात कुठे बसवायचं? आणि गरिबाचे हाल त्याच्याच पूर्वकर्मावर ढकलले, तर समाज आणि सरकार जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा आक्षेप आजही बोचतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा वाद पुस्तकी नाही. सिकलसेलही असाच दोन्ही बाजूंनी येतो, आणि अजूनही अनेक घरांत बोल एकट्या सुनेलाच लावला जातो. दोन्ही आजारांत आणखी एक अडचण सारखी आहे. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जी तपासणी सर्रास होते, ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर बेतलेली असते. त्या पेशी लवकर मरत असतील, तर अहवाल खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणूनच सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांना वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजून रक्त तपासावं, असा दंडक आहे. सिंदेवाहीच्या एखाद्या पाड्यावरून उपाशीपोटी निघून, दोन तास बसून ही तपासणी करायची, आणि पुढे इन्सुलिन थंड राखायचं तर ते कुठे, हे प्रश्न मागच्या जन्माला विचारता येत नाहीत. ते आरोग्य केंद्रालाच विचारावे लागतात.