फुलाचं वजन

जयनगरात पहाटे साडेपाचला झाडांखाली अजून अंधारच असतो. हॉलचे दिवे तेवढे लागलेत, आत रबरी तळवे करकरताहेत. कोर्टाशेजारच्या बाकावर बसा. रॅकेट पिशवीतच राहू दे. एक फूल तळहातावर घ्या. डब्यावर शटलकॉक लिहिलेलं असलं तरी मराठी माणूस बंगळुरातही त्याला फूलच म्हणतो. वजन जेमतेम 5 ग्रॅम, पिसं 16. हळूहळू मोजा, घाई नको.

आता दुसऱ्या हाताची मूठ घट्ट आवळा. नवशिका रॅकेट अशीच धरतो. दंड ताठ, खांदा वर, श्वास अडकलेला. एक श्वास सोडा आणि बोटं सैल होऊ द्या. मूठ एरवी अशीच ठेवायची, फूल तारांना लागताना क्षणभर आवळायची. हे सांगायला मिनिट पुरतं, अंगात मुरायला वर्षं जातात. (माझी मूठ अठराव्या गुणानंतर अजूनही आवळते.)

डोळे मिटा. मनातल्या मनात कोर्टाच्या मध्यावर उभे राहा. मागच्या कोपऱ्यात जा, डोक्यावरून फटका मारा आणि परत मध्यावर या. फूल कुठे पडलं ते बघत तिथेच रेंगाळू नका. शिकाऊ आणि मुरलेला खेळाडू मला इथेच वेगळे दिसतात: पहिल्याचा फटका मारला की संपतो, दुसऱ्याचा मध्यावर परतल्यावर. पावलांच्या सरावात कोपरे सहा धरतात: पुढे दोन, बाजूंना दोन, मागे दोन. प्रत्येकाकडे जा, प्रत्येकाकडून या. पावलं जड झाली तर झाली.

आता मन उत्तरेला, मल्लेश्वरमला न्या. तिथला कॅनरा युनियनचा हॉल लग्नकार्यासाठी दिला जाई. कार्य असलं की खेळ बंद. शाळा सुटल्यावर हॉल रिकामा आहे का, याची वाट पाहणाऱ्यांत प्रकाश पदुकोण होते. त्या वाट पाहण्यापाशी जरा थांबा.

1980 साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिम स्वी किंगला 15-3, 15-10 असं हरवलं. किंग उडी मारून स्मॅश ठोकणारा. पदुकोण त्याच्याशी जोराची बरोबरी करायला गेलेच नाहीत. फुलाचा वेग काढून घेत, ते हवं तिथे ठेवत राहिले. त्याच्या खूप आधी, 1956 साली, आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर क्वालालंपूरला जिंकले होते. परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. हात त्यांचाही हळुवार. पोराला आधी स्मॅश शिकवा म्हणणाऱ्या पालकांचा उतावळेपणा मला म्हणूनच पटत नाही.

डोळे उघडा. पिसं मोजून झाली असतील तर फूल पुढच्या जोडीला द्या. सहापासून कोर्ट त्यांचं आहे.