प्रतिमेचे प्रामाण्य

खुब्याची उखळी भंगलेल्या रुग्णाच्या सीटी-चित्रणातून संगणकाने घडविलेली त्रिमितीय आकृती पडद्यावर फिरू लागली, मांडीच्या हाडाचा गोलक तीतून वेगळा काढला गेला आणि उखळीच्या आतली भेग समोर आली, म्हणजे शल्यविशारदाला येणारा प्रत्यय प्रत्यक्षाचा म्हणावा की अनुमानाचा? प्रश्न पंडिती वाटेल खरा. परंतु चीर कोठे घ्यावी आणि पट्टी कोठे बसवावी याची तजवीज ज्याच्या भरवशावर रोज होते, त्या साक्षीदाराचा दर्जा एकदा ठरविलेला बरा.

सुश्रुतसंहितेचा आग्रह प्रत्यक्षाचा: गवताने वेढलेले शव पिंजऱ्यात घालून पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग कुंचल्याने त्वचेपासून एकेक थर हळूहळू खरवडीत आतले अवयव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. हाउन्सफील्डच्या ज्या सीटी-यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखविला, त्याने मात्र अनेक दिशांनी सोडलेले क्ष-किरण किती शोषले गेले याचा हिशेब मांडून आतल्या प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढली. पाण्याला ०, हवेला उणे १०००, असे अंक पडतात. आणि कोणत्या अंकापासून वर हाड समजावे हे कोणीतरी ठरविल्यावरच आकृतीला पृष्ठभाग लाभतो. धुरावरून अग्नी ओळखण्याचाच हा प्रकार, फक्त धूर लपवून अग्नीचे चित्र हाती दिलेले!

अनुमान असे प्रत्यक्षाच्या वेषात आले की फसगतीला जागा राहते. डोळ्याच्या खोबणीचा तळ इतका पातळ असतो की धडधाकट माणसाच्याही आकृतीत तेथे भोक दिसू शकते. उलट, जागची न हललेली बारीक भेग पृष्ठभाग गुळगुळीत होताना बुजून जाते. म्हणून जाणता क्ष-किरणतज्ज्ञ त्या देखण्या आकृतीचा मूळच्या छेदांशी मुकाबला केल्यावाचून निवाडा देत नाही.

मग तिचे प्रयोजन कोणते? चरकसंहितेने आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती, म्हणजे अनेक कारणांचा मेळ घालून कार्य जाणणारी बुद्धी, हेही प्रमाण मानले आहे. आणि शेकडो छेद मनातल्या मनात रचून तुकडा कोणत्या अंगाने किती वळला आहे हे ताडण्याचे जे कष्ट पूर्वी शल्यविशारद एकट्याने उपसत असे, त्यांत हातभार लावणारी ही आकृती मला त्या युक्तीच्याच पदरी शोभते.

रुग्णाची गोष्ट निराळी. स्वतःचे हाड पडद्यावर पाहत असला तरी ते आपले आहे आणि येथे मोडले आहे हे तो डॉक्टरांच्या शब्दावरच मानतो. त्याच्यापुरता हा आप्तोपदेशच. पूर्वी तो मुकाट्याने संमतिपत्रावर सही करी. आता पडद्याकडे बोट दाखवून विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, हा तुकडा परत जागेवर बसेल ना?’ आणि डॉक्टरांना उत्तर द्यावे लागते.