वकीलपत्रावर अंगठा कुणाचा?

आपल्यात एक वाद नेहमी निघतो. वस्तीतला एखादा पोरगा एलएल.बी. होतो, मानवी हक्कांचं काम करणाऱ्या संस्थेत पगारावर लागतो. लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, देणगीच्या पैशावर चळवळ होत नसते, गेला हा कामातून. दुसरा म्हणतो, फुकट केस लढतोय ना, मग हात जोडा आणि गप बसा. मला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात. पगार घेणं हा गुन्हा नाही. उपाशी वकील जास्त प्रामाणिक असतो, असं कुणी सांगितलं? खरा प्रश्न वेगळा आहे. हा वकील हुकूम कुणाचा मानतो? ज्याच्या अंगठ्यानं वकीलपत्र झालं त्याचा, ज्याच्या चेकवर संस्था चालते त्याचा, की स्वतःच्या डोक्यातल्या मोठ्या ध्येयाचा?

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांनी हा प्रश्न आपल्या आधी भोगलाय. 1972 साली पँथर हे नाव आपण त्यांच्याकडून घेतलं, तर त्यांच्या अनुभवाचा हिशेबही घ्यायला पाहिजे. थरगुड मार्शल यांनी 1940 साली लीगल डिफेन्स फंड उभा केला. देणग्यांवर चालणारी, काळ्यांचे खटले लढणारी वकिलांची संस्था. याच वकिलांनी 17 मे 1954 रोजी सुप्रीम कोर्टाकडून वदवून घेतलं, की काळ्या-गोऱ्या पोरांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनेविरुद्ध आहेत. हा निकाल लहान नाही.

पण त्या निकालातला एक दावा साऊथ कॅरोलिनातल्या क्लॅरेन्डन काऊंटीतून आला होता. तिथल्या आईबापांची सुरुवातीची मागणी काय होती? पोरांना शाळेत न्यायला बस द्या. बस, एवढीच. पुढे दाव्यावर पहिलं नाव लागलं हॅरी ब्रिग्ज यांचं. त्यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. बायकोचीही गेली. वकील कोर्ट उठलं की आपल्या शहरात परत जातो. अशिलाला त्याच गावात, त्याच मालकांच्या तोंडासमोर राहायचं असतं.

दुसरी गोष्ट मिसिसिपीतल्या हार्मनी गावची. तिथली काळ्यांची शाळा बंद करण्यात आली. विन्सन आणि डव्ही हडसन या दोघी बहिणींनी फंडाच्या वकिलाला सांगितलं, आमची शाळा आम्हाला परत उघडून द्या. वकील होते डेरिक बेल. तेही काळेच. त्यांनी सांगितलं, वेगळ्या शाळेसाठी आम्ही लढत नाही, गोऱ्यांच्या शाळेत प्रवेशासाठी लढणार असाल तर सोबत येतो. बाया तयार झाल्या. 1964 साली त्या गावची एकच पोरगी गोऱ्यांच्या शाळेत पहिलीला बसली. तिच्या बापाचं काम सुटलं. शेकडो शाळांचे खटले हाताळलेल्या याच बेल यांनी 1976 साली लेख लिहिला. त्याचं सार असं, की हक्कांचा वकील दोन धन्यांची चाकरी करतो. एकीकडे अशील, दुसरीकडे संस्थेचं ध्येय आणि तिचे देणगीदार. दोघांच्या वाटा फुटल्या की अशील मागे राहतो.

आता कुणी विचारील, नुसत्या बसवर समाधान मानलं असतं तर 1954 चा निकाल आला असता काय? नसता आला. मोठं ध्येय लागतंच. वकिलानं अशिलाशी वाद घालावा, समजावून सांगावं, पुढचं दाखवावं. पण ज्याची चूल विझणार, शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या दुःखाचा वापर चांगल्या कामासाठी केला, तरी वापर तो वापरच.

आपल्याकडे महाडचा दाखला आहे. डिसेंबर 1927 मध्ये सवर्णांनी चवदार तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम आणला. त्या दाव्यात बॅरिस्टर आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. तळ्यावर जायचं की थांबायचं, हा प्रश्न त्यांनी परिषदेला जमलेल्या लोकांसमोर ठेवला. भाषणं झाली, मग सत्याग्रह तहकूब झाला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला 17 मार्च 1937 ला. एवढी वर्षं वाट पाहायची ती लोकांनी. म्हणून आधी विचारायचं तेही लोकांनाच.

सगळे वकील बाबासाहेब नसतात. तशी अपेक्षा धरणं हाही त्यांच्यावर अन्यायच. म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं कलम 15-अ आलं. पीडिताला सुनावणीत म्हणणं मांडायचा, केसची माहिती मिळवायचा, संस्था, कार्यकर्ते किंवा वकील यांची मदत घ्यायचा हक्क आहे. नीट वाचा. मदत घ्यायचा हक्क पीडिताचा आहे. पीडित ताब्यात घ्यायचा हक्क संस्थेला कुणी दिलेला नाही.

तेव्हा वकीलपत्रावर अंगठा उठण्याआधी कार्यकर्त्यानं तिथं बसावं आणि विचारावं. घरातल्यांना काय हवंय : शिक्षा, जमीन, की गावात सुखानं राहणं? केस किती वर्षं चालेल? मजुरी बंद झाली, वाळीत टाकलं, तर घरात धान्य कोण भरणार? तडजोडीचा दबाव आला, अपिलाची वेळ आली, तर कुणाला विचारून ठरवणार? अहवालात फोटो छापणार असाल तर त्या बाईला विचारलंय का? वकील चिडला तर चिडू द्या. आणि धान्याचं उत्तर त्याच्याकडे नसलं तर वर्गणी काढायची आपण. ते काम वकिलाचं नाही, आपलं आहे.

जो वकील या प्रश्नांना सरळ उत्तरं देईल, त्याला पगार कोण देतो म्हणून टोमणे मारू नका. तारखेला त्याच्यासोबत कोर्टात चला.

जयभीम.