किती खरवडावे?

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी ढोलकी पडून असेल. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) भजने तिच्या ठेक्यावर गायिली गेली असतील. पुढे पुडी फाटली, मंडळीत की-बोर्ड आला आणि ढोलकी विसरली गेली. अशी ढोलकी घरच्या घरी नीट करावयास घेतली, की पहिल्याच दिवशी एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ सुतारकामाचा नसतो. किती खरवडावे?

काम तसे कठीण नाही. दोऱ्या व कड्या सोडवून दोन्ही पुड्या उतरवाव्यात. खोड पाण्याने धुऊ नये, कारण भिजलेले लाकूड सुकताना तडकते. जुना तैलरंग असेल तर विशेष जपावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. म्हणून पॉलिश पेपर किंचित ओलसर करून, धूळ उडू न देता घासावे; तोंडावर मास्क बांधावा आणि मुलांना दूर ठेवावे. चिरा असल्यास लाकडाचा भुसा व सरस यांनी भराव्यात. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेचे पातळ हात कापसाच्या बोळ्याने द्यावेत. काठ मात्र उगाच घासू नयेत, कारण पुडी त्यांवर बसते. खोडाच्या आतही हात घालू नये. तेथील जाडी बदलली की नाद बदलतो.

माझ्याकडील ढोलकीवर तांबड्या तैलरंगाचे जाड थर होते. ते निघाले तेव्हा खाली पटाशीने कोरलेला एक लहानसा क्रूस आणि त्याच्या बाजूला तीन खाचा दिसल्या. माझ्या वृद्ध आत्याने त्या बोटांनी चाचपून ओळखल्या. आजोबा निरक्षर होते, आणि ही त्यांची सही होती. गावात ते मेलेल्या जनावरांची कातडी काढीत, ती कमावीत आणि वाद्ये मढवीत. वडील शिकले, नोकरीनिमित्त भोपाळला आले. तेथे कोणी विचारले, तर ढोलकी दुकानातून आणली आहे, असे ते सांगत. तांबडा रंग त्यांनीच दिला होता.

वडिलांना दोष द्यावा काय? मला तसे वाटत नाही. ज्याला आडनाव सांगताच समोरच्याचा चेहरा पालटलेला दिसतो, त्याने आपले मूळ झाकले तर त्याची लाज झाकणाऱ्याला नव्हे, पाहणाऱ्याला वाटावयास हवी. तथापि त्या रंगाखाली अपमानाबरोबर एका माणसाचे कौशल्यही झाकले गेले. दोन पिढ्यांनंतर अपमान मला आठवणीने ठाऊक होता, परंतु कौशल्य ठाऊकच नव्हते.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. दक्षिणेतील मृदंगम् फणसाच्या लाकडाचा असतो आणि त्याला गाय, म्हैस व बकरी यांची कातडी लागते. ते बनविणाऱ्यांत तंजावरकडील अनेक दलित ख्रिस्ती घराणी आहेत. पालघाट मणी अय्यर यांचे नाव संगीतरसिकांना ठाऊक असते. त्यांच्यासाठी मृदंगम् घडविणाऱ्या परलांदूंचे नाव किती जणांना ठाऊक होते? गायक टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ या ग्रंथात अशा कारागिरांची हकीकत लिहिली. नाद सर्वांनी ऐकला होता. हात मात्र कोणी पाहिले नव्हते.

येथे प्रेषितांच्या कृत्यांतील एक बारीक तपशील आठवतो. पेत्र यापो येथे शिमोनाच्या घरी राहिला. हा शिमोन कातडी कमावणारा होता, आणि त्याचा हा धंदा त्या पुस्तकात एकदा नव्हे, तीनदा नोंदविला आहे. नुसते नाव पुरेसे झाले असते. परंतु कोणाही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये, हा धडा पेत्राला ज्या धाब्यावर मिळाला, ते घर कोणाचे होते हे लेखकाने झाकले नाही.

तेव्हा किती खरवडावे? काजळी, बुरशी आणि विषारी रंग जावेत. ज्या खुणा हाताने घडल्या, त्या राहाव्यात. घराण्याच्या इतिहासालाही मला हाच नियम योग्य वाटतो. लोकांनी लावलेला कलंक घासून काढावा, पूर्वजांचे श्रम घासून काढू नयेत. मात्र हे पॉलिश पेपर ज्याच्या त्याच्या हाती असावे. सोयरीक जुळविताना ‘आपण मूळचे कोण?’ असे विचारणारे आपल्या मंडळीत आजही आहेत. त्यांना इतिहासाची आवड नसते. ते केवळ दुसऱ्याच्या खोडावर ओरखडे काढतात.

माझ्या ढोलकीवरील क्रूस आणि तीन खाचा आता लाखेखाली स्पष्ट दिसतात. पुडी मात्र मला मढविता आली नाही. ती विद्या आजोबांबरोबरच गेली. एका कारागिराकडून ती मढवून घ्यावी लागली. वडिलांना काही विचारावे म्हटले, तर तेही आता नाहीत.

वाचकहो, माळ्यावरची ढोलकी खाली काढाल, तेव्हा पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसा. वरचा रंग कोणी दिला आणि कशासाठी दिला, हे त्यांना विचारा. त्यांनी सांगितले नाही, तर आग्रह धरू नका. सांगितले, तर लिहून ठेवा.