आप्पांची हजेरी

सोलापूर-धुळे महामार्गानं येडशी, येरमाळा मागं टाकलं की वाशी तालुक्यातलं तेरखेडा लागतं. मराठवाड्यात या गावाची ओळख फटाक्यांची. दिवाळी जवळ आली की रस्त्याकडेच्या दुकानांपुढं गाड्या थांबतात. लग्नसराई, यात्रा, निवडणुकीची मिरवणूक, सगळ्यांना माल इथून जातो. घेणाऱ्याला आवाज किती मोठा होतो एवढंच बघायचं असतं. करणाऱ्याला मात्र तो आवाज आपल्या हातात होऊ नये यासाठी दिवसभर जपावं लागतं. इथं अपघात झालेत, माणसं गेलीत. गावात ते कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणूनच फटाक्याच्या कारखान्यात एका छपराखाली सगळे बसत नाहीत. खोल्या एकमेकींपासून लांब असतात आणि एका खोलीत मोजकीच माणसं. एकीकडं काही झालं तर दुसरीकडचे वाचावेत, हा त्यातला हिशोब, आणि तो बरोबर आहे. पण याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात येत नाही. या खोलीत काय चाललंय ते त्या खोलीला कळत नाही. बातमी पोचायची तर ती माणसाच्या तोंडूनच पोचते.

ही गोष्ट अशाच एका कारखान्याची. कारखान्याचं नाव काय होतं याला महत्त्व नाही.

तिथं एक म्हातारे मुनीम होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. सकाळची हजेरी त्यांच्याकडं. वहीत नावापुढं खूण करायची, एवढंच काम. दहा मिनिटांत उरकावं. आप्पांना तास लागायचा, कारण वही काखेत मारून ते खोल्या-खोल्यांनी फिरायचे आणि प्रत्येक दारात थांबायचे.

सुतळी गुंडाळणाऱ्या बायांत एक आत्या होत्या, सगळ्यांत जुन्या. आप्पा विचारायचे, "आत्या, गुडघा काय म्हणतोय?" आत्या गुडघ्यावरून सुरू व्हायच्या आणि बहात्तरच्या दुष्काळावर जायच्या. त्यांची आई खडी फोडायला जायची, पोरं सुकडीवर जगली. तिथून गाडी त्र्याण्णवच्या भूकंपावर. अनंत चतुर्दशीची रात्र सरत आलेली, गणपती बोळवून माणसं नुकती निजलेली आणि जमीन हलली. "मला वाटलं कारखानाच उडाला. अंगावरल्या कपड्यानिशी इकडं पळत आले. बघते तर हितं समदं जागच्या जागी. किल्लारी गेली म्हणून सकाळी कळलं." ही हकीकत आप्पांनी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. तरी दरवेळी ते दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचे आणि मधेच एखादा नवा प्रश्न काढायचे. "मग त्या दिवशी चूल पेटली का न्हाई?"

कुणाला विचारायचे, "काल म्हणालीस म्हैस आटली. मग आता पोराच्या दुधाचं कसं?" कुणाला, "पोरीचा नर्सिंगचा फॉर्म भरला का? लातूरला का बार्शीला?" त्यांचं विचारणं नेहमी कालच्या धाग्याला धरून असायचं. काल काय सांगितलं ते या माणसाच्या ध्यानात आहे, हे ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यातच कळायचं.

दारू चाळणाऱ्या खोलीत एक गडी होता. चाळिशीचा, खालमानेचा. तो बोलायचाच नाही. आप्पा त्याच्याही दारात तेवढाच वेळ थांबायचे. कधी दोघं नुसते गप्प उभे राहायचे. जाताना आप्पा म्हणायचे, "बरं, येतो." बघणाऱ्याला हा वेळेचा नास वाटावा. मला तसा वाटत नाही. न बोलणाऱ्या माणसाजवळ रोज थोडं थांबणं ही आप्पांच्या सबंध नोकरीतली सगळ्यांत अवघड कामगिरी होती, असं मी मानतो.

मालक थकले आणि त्यांचा पुतण्या पुण्याहून शिकून आला. पोरगा गुणी. त्याला नुसता पैसा करायचा नव्हता, माणसं जगवायची होती. त्यानं स्फोटकांचे नियम वाचून काढले, नागपूरच्या कचेरीत खेपा घालून परवाने नीट केले. दारात वाळूच्या बादल्या आल्या. छपरावर वीजरोधक आला. नायलॉनच्या साडीनं ठिणगी पडू शकते म्हणून बायांना सुती झगे शिवून दिले. लोखंडी खुरपं-पळी काढून लाकडी आणि पितळी आणली. खोल्यांना नवीकोरी मजबूत दारं बसवली. यातली बहुतेक कामं वीस वर्षांपूर्वी व्हायला हवी होती. ती त्यानं सहा महिन्यांत केली, याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

मग त्याची नजर हजेरीवर गेली. रोज एक तास! त्यानं फाटकापाशी अंगठ्याचं मशीन बसवलं. आप्पांना म्हणाला, "आप्पा, आता तुम्ही आराम करा. पगार चालू राहील." आणि बायांना सांगितलं, "काही तक्रार असेल, सूचना असेल, तर लिहून या पेटीत टाका. नाव नाही लिहिलं तरी चालेल." पेटीला कुलूप लावलं, किल्ली स्वतःजवळ ठेवली. महिन्यानं उघडली तर रिकामी. दुसऱ्या महिन्यातही रिकामी. त्याला समाधान वाटलं. तक्रारच नाही म्हणजे कारभार बरा चाललाय.

फेरी तोही मारायचा. दारातून जाता जाता विचारायचा, "काय, सगळं ठीक ना?" आतून आवाज यायचा, "व्हय दादा." तोवर तो पुढच्या दाराशी पोचलेला असायचा.

एकदा तो चाळणीवाला गडी आपणहून त्याच्याकडं आला होता. "दादा, त्या नव्या दाराचं जरा..." एवढंच बोलला. दादांच्या कानाला फोन होता. त्यांनी हातानंच खूण केली, पेटीत टाक. गडी चौथीतून शाळा सोडलेला. तो परत गेला.

भादव्यात दोन दिवस झड लागली. दारूकामात पावसाची भीती बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं पाणी लागलं की दारू विझली, मग भ्यायचं काय? पण काही मिश्रणं ओल धरली की आतल्या आत तापायला लागतात. धूर नाही, जाळ नाही. नुसती ऊब येते आणि गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तसा वास येतो. चाळणीच्या खोलीचं छप्पर एका कोपऱ्यात गळत होतं आणि आदल्या संध्याकाळी घाईघाईत एक घमेलं तिथंच राहून गेलं होतं. तयार मिश्रण रात्रभर खोलीत ठेवायचं नाही हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता.

सकाळी गड्याच्या नाकाला वास आला. त्यानं घमेल्याजवळ हात नेला, न लावताच. ऊब लागली. चहाच्या वेळी तो आत्यांजवळ हळूच बोलला. आत्या म्हणाल्या, "आरं मग दादाला सांग की." तो म्हणाला, "घमेलं कुणी ठिवलं म्हणून इचारतील. काम चुकवायला बोलतोय म्हणतील." आत्याही गप्प बसल्या. त्यांनासुद्धा आता कुणी गुडघा विचारत नव्हतं. इतक्यात दादा दारावरून गेले. "काय, सगळं ठीक ना?"

"व्हय दादा," गडी म्हणाला.

हे वाचताना त्या गड्याचा राग येतो. पण तुमच्या-माझ्या घरात, कचेरीत, दवाखान्यात रोज असंच घडतं. सासऱ्याच्या छातीत दुखतं आणि तो सुनेला सांगत नाही. नवी नर्स मोठ्या डॉक्टरांना चूक दाखवत नाही. बातमी ठाऊक असते, पण ती न्यायला वाट नसते. आणि अशी वाट ऐनवेळी पाडता येत नाही.

त्या दिवशी आप्पा पगाराला आले होते. पैसे मिळाले, पण लगेच घरी जातील तर ते आप्पा कसले. फाटकाजवळच्या लिंबाखाली बसले. चहाची सुट्टी संपत आली होती, माणसं परत आत निघाली होती. आप्पांनी आत्यांना हाक मारली. "आत्या, पावसानं गुडघा धरला असंल."

आत्या थांबल्या. त्यांच्या मागं गडी होता, तोही थांबला. आप्पा त्याच्याकडं वळले. "का रं, मेव्हणा गेला का कोयत्यावर? उचल घेतली व्हती न्हवं त्यानं?"

"दसऱ्यानंतर जातोय," गडी म्हणाला. आप्पा काही बोलले नाहीत. वाट बघत राहिले. गडी पुढं म्हणाला, "मुकादमानं औंदा पैसं कमी दिल्यात." मग उचलीचं झालं, मेव्हण्याच्या पोरांच्या शाळेचं झालं. आत्या आत जायला उतावीळ झाल्या, पण आप्पा जागचे हलले नाहीत. आणि मेव्हण्याच्या पोरांवरून बोलता बोलता, आवाजात काहीही फरक न करता, गडी म्हणाला, "आप्पा, आतमधी एक घमेलं गरम लागायलंय."

आप्पा उठले. इतक्या झपकन उठलेले त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "कुणी आत जायचं न्हाई. पाणी मारायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. समदे रस्त्याकडं!" तीच हाक खोल्या-खोल्यांतून गेली. पुतण्या कचेरीतून बाहेर आला तेव्हा फाटकापाशी सगळी माणसं गोळा झालेली होती आणि आत्या माणसं मोजत होत्या. त्यानं काही विचारायच्या आत खोली गेली. पत्रे शेजारच्या वावरात जाऊन पडले. भिंत आडवी झाली. आत कुणी नव्हतं.

अग्निशमनची गाडी आली, पोलीस आले, पंचनामा झाला. संध्याकाळी पुतण्या आप्पांच्या घरी गेला. ओट्यावर बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आप्पा, मी त्याला विचारलं होतं. स्फोटाच्या अर्धा तास आधी, तोंडावर विचारलं होतं. तो ठीक म्हणाला."

आप्पा म्हणाले, "तेरला कधी गेलाय का? गोरोबाकाकांच्या?"

"लहानपणी गेलोय."

"काकांची गोष्ट ठाव हाय ना? समदे संत जमलेले. मुक्ताईनं इचारलं, काका, ह्ये थापटणं कशाचं? काका म्हणाले, ह्यानं मडकं कच्चं का पक्कं ते कळतं. आन् मग संतांच्या डोक्यावर एकेक थापटी दिली. नामदेव रागावले. ती गोष्ट लोक नामदेवांची म्हणून सांगत्यात, कच्चं कोण निघालं त्याची. मला त्यात काकाच दिसत्यात. थापटी मारली की कुंभार कान देतो. मडकं काय आवाज देतंय ते ऐकायला मारायची ती थापटी. तू दारोदार थापटी मारत गेलास, लेकरा. चांगलं केलंस. पर आवाज यायच्या आदी पुढल्या दाराशी पोचलास."

पुतण्या म्हणाला, "मग पेटी?"

"पेटी असू दे. ज्याला लिहिता येतं त्यो लिहील."

दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात पुन्हा हजेरीची वही निघाली. मशीनही राहिलं. पुतण्या स्वतः वही घेऊन फिरू लागला. सुरुवात फार अवघड गेली. त्यानं आत्यांना गुडघ्याचं विचारलं तर त्या "बराय" म्हणून गप्प झाल्या. बायांना वाटलं, चौकशी चाललीय, कुणाला तरी काढणार आहेत. तो दारात उभा राहिला की आतलं बोलणं बंद पडायचं. तरी तो उभा राहायचा. हळूहळू त्याला कळलं की एका बाईचा पोरगा दहावीला आहे आणि त्याला गणित येत नाही. मग दुसऱ्या दिवशी गणितावरून सुरुवात करता आली. महिन्याभरानं आत्यांनी त्याला भूकंप ऐकवला. तो सबंध ऐकला त्यानं, आणि "तेव्हा हा कारखाना किती खोल्यांचा होता?" असं विचारलं. आत्या खूश झाल्या आणि भूकंप आणखी लांबला.

चाळणीवाला गडी मात्र अजून गप्पच होता. त्याच्या आताच्या खोलीच्या दारात पुतण्या आप्पांसारखाच नुसता उभा राहायचा. अशात एका सकाळी गड्यानं चाळणी खाली ठेवली, हात झग्याला पुसले आणि म्हणाला, "दादा, ही नवी दारं आत उघडत्यात."

"मग?"

"जुनी भायेर उघडायची. कायबी झालं तर माणूस दारावर जाऊन आदळतो, ढकलतो. आत उघडणारं दार वढावं लागतं. चौघं एकदम दारावर आली तर ते उघडनारच न्हाई."

पुतण्या दाराकडं बघत राहिला. मजबूत सागवानी दार, त्यानंच पसंत केलेलं, पावती अजून टेबलाच्या खणात होती. नियमांच्या पुस्तकातही दारं बाहेर उघडावीत असं लिहिलेलं होतं. सुतारानं घाईत उलटी बसवली आणि इतक्या महिन्यांत रोज त्या दारांतून येणाऱ्या-जाणाऱ्या एकाही माणसानं त्याला सांगितलं नव्हतं. एकजण सांगायला आला होता, तेही त्याला आता आठवलं.

त्यानं तिथूनच सुताराला फोन लावला. सगळी दारं उतरवून उलटी बसवायची, आणि ती बसेपर्यंत काम बंद, हजेरी चालू. फोन ठेवून त्यानं विचारलं, "आणखी काय?"

गड्यानं जरा विचार केला. "आणखी हाय. पर ते लांबडं हाय."

"सांगा," म्हणत पुतण्या उंबऱ्याबाहेर खाली बसला.