सूर्यास्त पाहणे हा आळस आहे काय?

वसई तालुक्याच्या पश्चिमेस समुद्र असल्यामुळे भुईगाव, कळंब, अर्नाळा येथील किनाऱ्यांवरून सूर्य पाण्यात मावळताना दिसतो. परंतु चर्चगेटहून विरारपर्यंत सुमारे ६० किलोमीटर लोकलमध्ये उभ्याने आलेला कामकरी म्हणेल, "हा रिकाम्या माणसांचा उद्योग!" त्याचा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही, पोटासाठी झिजणाऱ्यास स्वस्थ बसण्याचा उपदेश करणे शोभत नाही.

तथापि हिशेब पाहा. सूर्याची कड पाण्यास टेकल्यापासून सर्व बिंब दिसेनासे होईपर्यंत आपल्या प्रदेशात सव्वादोन ते अडीच मिनिटेच लागतात. इतका वेळ गरिबाजवळही असतो. नसते ती स्थिरता. सूर्यास घाई करविता येत नाही, थांबविताही येत नाही. म्हणून त्याजपुढे उभे राहिले असता उतावळे मन आपोआप आवरते.

परंतु जो आकाशाचे रंग पाहतो आणि जवळून जाणाऱ्या कोळिणीची जड टोपली पाहत नाही, त्याने काहीच पाहिले नाही, असे आम्हांस वाटते. शांत झालेले चित्त शेजाऱ्याचे ओझे ओळखते काय, हीच खरी कसोटी होय. तर प्रिय वाचकहो, सायंकाळी क्षणभर थांबा, आणि मग त्या टोपलीस हात लावा.