न बोललेले असत्य

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून लोक घरोघरी पांगत असताना आमच्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्याकडे आला. त्याने जे सांगितले ते पापनिवेदनात नव्हे, तर समोरच्या खुर्चीवर बसून, उघडपणे सांगितले, आणि ते येथे लिहिण्यास त्याची संमती आहे, हे आरंभीच नमूद करतो.

एका कारखान्यात तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या या मुलाने वर्षभर पैसे साठवून एक वापरलेला आयफोन विकत घेतला होता. दुकानातून नव्हे, तर जाहिरात पाहून एका खाजगी व्यक्तीकडून, रेल्वे स्थानकाबाहेर उभ्या उभ्या. किंमत २६,००० रुपये. विक्रेता सुशिक्षित, मृदुभाषी. परदेशी जायचे आहे, म्हणून विकतो आहे, असे त्याने सांगितले. फोन नव्यासारखा लखलखीत होता. पाठीवर तीन भिंगे होती आणि पडद्यावर 'आयफोन १३ प्रो' असे नावही झळकत होते. दीड महिन्याने फोन तापू लागला, म्हणून दुरुस्तीवाल्याने तो उघडला. आत निघाला २०१८ सालचा आयफोन एक्सआर! त्याला २०२१ सालच्या १३ प्रोचे कवच चढवलेले होते. तीन भिंगांपैकी दोन केवळ शोभेच्या काचा होत्या. विक्रेत्याचा क्रमांक केव्हाच बंद झाला होता.

एवढे सांगून झाल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "फादर, एक विचारू? हा फोन मला जसा मिळाला तसाच मी विकायचं म्हणतो. खोटं एक अक्षरही बोलणार नाही. ज्याला घ्यायचा तो बघून घेईल. यात पाप आहे का हो?"

मला त्याला लगेच उत्तर देता आले नाही. का देता आले नाही, ते शेवटी सांगेन.

दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते, असे आपले वाडवडील सांगत आले. बैल घेताना ते त्याचे दात पाहत, त्याला चार पावले चालवून पाहत. यंत्राचे दात कोठे पाहावेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. वास्तविक ते फार अवघड नाही. प्रत्येक मोबाइल फोनला आयएमईआय नावाचा १५ अंकी ओळख क्रमांक असतो. *#०६# ही चिन्हे दाबली की तो पडद्यावर उमटतो. खोक्यावरील आणि पावतीवरील क्रमांक त्याच्याशी जुळला पाहिजे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने २०२३ साली 'संचार साथी' ही सेवा खुली केली आहे. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, एक मोकळी जागा आणि मग हा क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवला, की तो क्रमांक कोणत्या कंपनीच्या कोणत्या फोनचा आहे, हे कळते. तो काळ्या यादीत असल्याचे, बनावट असल्याचे किंवा आधीच दुसरीकडे वापरात असल्याचे उत्तर आले, तर तो फोन घेऊ नये. आमच्या या तरुणाने हा एक संदेश पाठवला असता, तर सोंग तिथल्या तिथे उघडे पडले असते.

आणखीही काही गोष्टी आहेत. फोनला दिलेले 'नाव' वापरणाऱ्याला हवे तसे बदलता येते. हा मुलगा फसला तो तेथेच. त्याखालची 'मॉडेल'ची ओळ वाचावी. कॅमेरा चालू करून प्रत्येक भिंगावर आळीपाळीने बोट ठेवावे आणि त्या त्या भिंगाचे चित्र झाकले जाते का ते पाहावे. नव्या प्रणालीच्या आयफोनमध्ये बदललेल्या सुट्या भागांची नोंद दिसते, तीही पाहावी. जुन्या मालकाचे खाते त्याच्याकडूनच, आपल्या समक्ष, काढून घ्यावे. जो ते काढू शकत नाही, तो त्या वस्तूचा खरा मालक नसण्याची शक्यता असते. आणि जो घाई करतो, पावती नाही म्हणतो, अंधाऱ्या जागी भेटायला बोलावतो, त्याला नम्रपणे नमस्कार करून परत फिरावे.

एवढी तपासणी म्हणजे समोरच्या माणसावर अविश्वास नव्हे काय, असे काही भाविक विचारतील. मला तसे वाटत नाही. कबुतराच्या निष्कपटपणाबरोबर सर्पाचे चातुर्यही प्रभूने आपल्या शिष्यांकडून अपेक्षिले होते. शिवाय या व्यवहारात एक तिसरा माणूस असतो, जो आपल्याला दिसत नाही. लोकलच्या गर्दीत ज्याचा फोन चोरीला गेला, तो. स्वस्त मिळते म्हणून आपण डोळे मिटून घेतो, तेव्हा त्याच्या हानीत आपण वाटेकरी होतो. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली शिक्षा होऊ शकते. म्हणजे खरेदीदाराची चौकशी ही केवळ त्याची सोय नाही, ते त्याचे कर्तव्यही आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे काय?

आपल्या देशाच्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. तेथे एक घोडा दाखल्यादाखल येतो. घोड्यात दोष आहे हे मालकाला ठाऊक आहे, पण लिलावात तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. आमच्या तरुणाला हे वाचून फार आनंद झाला असता! परंतु कायदा तेथेच थांबत नाही. घेणारी व्यक्ती जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते, असे पुढचा दाखला सांगतो. दोष जाणीवपूर्वक झाकणे ही तर उघड फसवणूकच.

गंमत अशी की, कायद्याच्या सहाशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील कपटाचा विचार करताना घोड्याचाच दाखला घेतला आहे. घोडा एकाक्ष असेल तर ते घेणाऱ्याला दिसतेच. किंमत त्या मानाने कमी केली, तर विक्रेत्याने ते मुद्दाम सांगण्याची गरज नाही. पण जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याची हानी होईल, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, असा त्यांचा निर्णय आहे. फोनच्या काचेवरचा ओरखडा म्हणजे घोड्याचा गेलेला डोळा. आत दडलेला जुना फोन म्हणजे न दिसणारा रोग. येथे तर गप्प राहण्याचाही प्रश्न उरत नाही. मालक तोंड मिटून उभा असला, तरी ती दोन खोटी भिंगे त्याच्या वतीने बोलतच असतात.

कायदा आणि सद्सद्विवेक यांच्यातील अंतर मला त्या मुलीच्या दाखल्यात दिसते. लेकीला सत्य सांगितलेच पाहिजे, हे कायद्यालाही मान्य आहे. परक्याला सांगितले पाहिजे काय, यावर तो थबकतो. आणि 'माझा शेजारी कोण?' हा प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभूने जी शोमरोन्याची गोष्ट सांगितली, ती या थबकण्यालाच उत्तर आहे. स्थानकाबाहेर पैसे मोजणारा तो अनोळखी मुलगाही कुणाचा तरी लेक असतो.

पण आपण हा उपदेश केवळ त्या मुलाला करू नये. आपल्या वाडीतून बाजाराला जाणाऱ्या टोपलीत वरच्या थराला टवटवीत माल आणि तळाला कोमेजलेला, ही रचना आपल्यापैकी कुणी कधी केलीच नाही काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणत आपण सारेच थोडेथोडे जगत असतो.

तरुणाची बाजू मात्र दुर्लक्षिण्यासारखी नाही. तो म्हणत होता, "मी का सोसायचं, फादर? मी तर कुणाला फसवलं नाही." त्याच्या म्हणण्यातील वेदना खरी होती. वर्षाची बचत पाण्यात गेली होती. तथापि ज्याने त्याचे नुकसान केले त्याच्याकडून भरपाई मागण्याचा, पोलिसांत तक्रार करण्याचा हक्क त्याला आहे. तिसऱ्याच माणसाकडून ती वसूल करण्याचा हक्क त्याला कुठून मिळाला? संत थॉमस आणखी एक पायरी पुढे जातात. दोष ठाऊक नसताना विकले तर पाप नाही, पण नंतर तो कळला की भरपाई करणे भाग आहे. यावरून माझ्या मनात एक विचार आला, तो मी त्याला बोलून दाखवला. "अरे, ज्याने तुला हा फोन विकला, तोही कदाचित तुझ्यासारखाच फसलेला असेल. त्यालाही हाच प्रश्न पडला असेल, आणि त्याने स्वतःलाच 'मी खोटं काही बोलणार नाही' असं उत्तर दिलं असेल." अशा रीतीने एक असत्य हातोहात फिरत राहते, आणि प्रत्येक हात स्वतःला निर्दोष समजतो. ते कुठेतरी थांबायचे असेल, तर कुणीतरी तोटा सोसून शेवटचा हात व्हावे लागते.

हे मी त्याला सांगितले खरे, पण माझी जीभ जड झाली होती. तीसएक वर्षांपूर्वी, साहाय्यक धर्मगुरू असताना, मी माझी जुनी स्कूटर एका गरीब गवंड्याला विकली होती. तिचे इंजिन ऑइल पीत होते आणि लवकरच मोठा खर्च निघणार, हे मला ठाऊक होते. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. फादरची गाडी, म्हणून त्याने ती डोळे झाकून घेतली. पुढे त्याने ती कर्ज काढून दुरुस्त केल्याचे कानावर आले, तेव्हाही मी गप्पच बसलो. खोटे मी एक अक्षरही बोललो नव्हतो.

त्या तरुणाने फोन एका दुरुस्तीवाल्याला, आत काय आहे ते सांगून, ९,००० रुपयांना दिला. सतरा हजारांचा तोटा सोसला. सध्या तो साधा, बटणांचा फोन वापरतो आणि त्याबद्दल मित्रांची थट्टाही ऐकून घेतो. त्याने मला धन्यवाद दिले, तेव्हा मी मान खाली घातली. त्या गवंड्याचे कुटुंब आता दुसऱ्या गावी राहते, असे चौकशीअंती कळले आहे. येत्या आठवड्यात मी तेथे जाणार आहे. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले होते. माझ्याजवळ तेवढे नाही. पण जे आहे ते, आणि तेव्हा न बोललेले वाक्य, एवढे तरी घेऊन जाईन.